एकशे अठ्ठावीसच्या पुढे

त्यांची ओळख झाली ती तिच्या एका चुकीमुळे. मुख्य ऑफिसच्या नेटवर्क विभागात ती नुकतीच रुजू झाली होती. एका गोदामाचे कॉम्प्युटर फायरवॉलमध्ये अडवायचे होते, आणि तिने मास्क इतका ऐसपैस टाकला की गोदामाबरोबर एक अख्खी शाखाही बाहेर गेली. लगेच फोन खणखणला.

“मॅडम, भांडण गोदामाशी ना तुमचं? मग आम्ही काय घोडं मारलंय?”

शाखेचा नेटवर्कवाला होता, स्वतःच्या मोबाइलवरून; नेटवर्कबरोबर शाखेचे फोनही बंद पडले होते. ती रडकुंडीला आलेली, आणि हा हसत होता! “कॉम्प्युटरचा पत्ता म्हणजे घर. आणि गल्ली कुठवर, ते मास्क सांगतो. तुम्ही गल्लीऐवजी गावच बंद केलंत.”

मग फोन रोजचेच झाले. ‘मॅडम’ची ‘तू’ झाली. एकदा तो कामासाठी मुख्य ऑफिसला आला, तेव्हा तिच्या टेबलावरच्या धुळीत त्याने बोटाने रेघ ओढली.

“ही आमची शाखा. शून्य ते दोनशे पंचावन्न. मास्कचा शेवटचा आकडा शून्य ठेवलास, तर सगळे पत्ते नियमात येतात. एकशे अठ्ठावीस केलास, तर पहिले निम्मेच.”

“आणि तू कुठे?”

“दोनशे नंबर. खिडकीपाशी...”

त्याने वर पाहिलं. ती मात्र धुळीकडेच बघत राहिली. पुढे कित्येक दिवस तिने ते टेबल पुसू दिलं नाही. वेडीच होती!

पण त्याने विचारलं नाही, हिने सांगितलं नाही. दोघंही वाट बघण्यात पटाईत. तेवढ्यात शाखा बंद करायचा हुकूम आला, आणि शाखेचे सगळे पत्ते अडवायचं काम नेमकं तिच्याच गळ्यात पडलं.

तिने नियम लिहिला. दुपारी त्याचा फोन.

“अगं, काय हा घोळ! निम्मी शाखा उघडीच आहे. माझी शिकवणी पाण्यात गेली म्हणायची.”

“घोळ नाहीये.”

“एकशे अठ्ठावीसच्या पुढे सगळं—” तो थांबला. दोनशे नंबरही त्याच्या पुढेच येतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. “मुद्दाम केलंस?”

“हो. आवडतोस तू मला. आता तरी बोल रे काहीतरी...”

पलीकडे कुणीतरी खुर्च्या ओढत होतं.

“लग्न ठरलं माझं, गेल्या आठवड्यात. आईने विचारलं होतं, मनात कुणी आहे का. मी नाही म्हणालो.”

“का?”

“वाटलं, तू नाहीच म्हणशील.”

“आता सांग ना घरी!”

“ती मुलगी रोज फोन करते गं. जीव लावून बसलीये. तिचा काय दोष?”

तिला त्याचा भयंकर राग आला. आणि त्याचं म्हणणं खरं होतं, याचा त्याहून जास्त.

“बंद कर ते,” तो म्हणाला. “तपासणीत सापडलं तर नोकरी जाईल तुझी. हा फोनही त्याच लाइनवर आहे, तोही तुटेल. मी थांबतो, तू कर. आणि... मोबाइलवर फोन करू नकोस.”

“का?”

“मी उचलीन.”

तिने एकशे अठ्ठावीस पुसून शून्य टाकलं. स्क्रीन धूसर दिसायला लागली होती. बोट बटणावर ठेवून ती म्हणाली, “एकदाच म्हण ना... फक्त एकदा.”

“मलाही तू फार—”

तिने बटण दाबलं. पुढचं ऐकलं असतं, तर तिला ते दाबताच आलं नसतं.