भर न लागणारे पिंप

१९५० च्या उन्हाळ्यात माझी पत्नी श्यामला विषमज्वरातून उठली, पण अन्नाला शिवेनाशी झाली. ताप उतरला होता, तशी तीही उतरतच चालली होती. पेजेचा दुसरा चमचा तिला नको व्हायचा. शेवटी डॉक्टर म्हणाले, "जुनी, गोड, लाल वाइन मिळाली तर रोज दोन चमचे द्या. पण मिळायची कुठून?"

कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले होते आणि त्यापाठोपाठ दारूबंदी आली होती.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. म्हणूनच हंबीरराव जहागीरदारांनी मला रंकाळ्याजवळच्या बंगल्यावर बोलावले. त्यांच्या आजोबांनी गोव्यामार्गे आणवलेली पिंपे तळघरात होती. पोर्तुगालातल्या, नावही कुणी न ऐकलेल्या खेड्यांतली ती वाइन. आंबण्याची क्रिया अर्ध्यावर थांबावी म्हणून तिच्यात ब्रँडी मिसळत, त्यामुळे द्राक्षाची साखर तशीच राहते. कुठले पिंप टिकले आणि कुठले बिघडले ते मी सांगायचे, म्हणजे औषधी म्हणून परवाना मागता येईल. मोबदल्यात हवी ती बाटली माझी.

फाटकातून शिरताना वरच्या खिडकीत एक वृद्ध बाई ताठ बसलेल्या दिसल्या. मी नमस्कार केला. त्यांनी केला नाही.

तळघर आकाराम सांभाळत असे. दुपारच्या उन्हातून खाली उतरलो की ओल्या मातीचा आणि मनुकांचा वास येई. प्रत्येक पिंपात आकाराम आधी बोट बुडवी आणि दोन थेंब जमिनीवर उडवी. पहिला मान धरतीचा. मग मी काचेच्या नळीने घोटभर काढून जिभेवर घोळवी आणि तस्तात थुंकून टाकी.

"सोन्यासारकी चीज आन थुकताय व्हय, मास्तर?"

"गिळली तर पुढची कळत नाही."

"आमचा बा असता तर तुमच्या पाठीत पायतान हानलं असतं!"

लाकडातून थोडी वाइन दरवर्षी उडून जाते. म्हणून जुन्या पिंपात नव्यातली भर घालावी लागते. आकाराम ते काम मन लावून करी. कोपऱ्यातल्या एका लहान पिंपाजवळ मात्र त्याने बोटही बुडवले नाही, भरही घातली नाही.

"ह्येला भर लागत न्हाय."

"असे कसे? लाकूड आहे ना?"

"ह्येला द्यावं लागत न्हाय, मास्तर. त्ये घेतंय आपलं आपन."

मी हसलो आणि चव पाहिली. मनुका, अक्रोड, करपलेल्या साखरेचा किंचित कडवटपणा. थुंकल्यावरही ती चव जाईना. बांबूच्या काडीवर पातळीची खूण करून बाटली त्यातूनच भरली.

"औषधाला दोष नसतो," असे म्हणून माझ्या आईने, म्हणजे माईने, स्वतःच्या हाताने चमचा धरला. आठवड्याभरात श्यामलाने भाकरी मागितली. पुढे ती एकटी अंबाबाईच्या दर्शनाला जाऊन आली. माईने नृसिंहवाडीच्या दत्ताला बोललेले पेढे फेडले.

एकदा जेवताना श्यामला म्हणाली, "माई, आमटीला मीठ नाही."

मीठ होते.

मग तिचे वेणी घालतानाचे गुणगुणणे थांबले. तिच्या केसांना नागरमोथ्याचा वास असे. मी चेहरा टेकवून पाहिले. धुतलेल्या दगडाला असावा तसा वास, म्हणजे कसलाच नाही.

दुसरी बाटली भरायला गेलो तेव्हा पिंपात तीच काडी बुडवली. पातळी पहिल्या खुणेवरच होती. आकाराम गुपचूप भर घालत असणार! मी बूच आणि तोटी लाखेने बंद केली आणि वर माझ्या अंगठीचा ठसा उमटवला. पुढच्या खेपेला ठसे अभंग होते. पातळी तीच होती.

मी लाख फोडून घोट तोंडात घेतला. मनुकांच्या मागून नागरमोथ्याचा वास आला.

घरी येऊन वाइन बंद केली. दुसऱ्या सकाळी श्यामलाला उशीवरून मान उचलवेना. पेज ओठांच्या कडेने ओघळली.

"अंबादास, हट्ट कसला करतोस?" माई रडत म्हणाली. "बायको मारायची आहे का तुला? दे ते!"

मी दिले. संध्याकाळी श्यामला उठून बसली. माझ्याकडे तिने भिंतीकडे पाहावे तसे पाहिले.

मी पुन्हा तळघरात गेलो. "आकाराम, ही पूर्वी कोण घेत असे?"

"आक्कासाब. मालकांच्या आत्या. ल्योक गेल्यावर अंथरुनाला खिळल्या हुत्या."

"कधी वारल्या?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "वारल्या? काय बोलताय, मास्तर! वर खिडकीत बसत्यात की. तुमीच न्हवं का येता-जाता नमस्कार घालताय?"

"मग... बऱ्या आहेत?"

"जेवत्यात, हिंडत्यात. कायबी दुखत न्हाय त्यास्नी." त्याने तस्त उचलले. "ल्योकाचं नाव घेतलं तरी न्हाय."

तो ते धुवायला वर गेला.

मी बूच काढून नळी बुडवली.

लग्नाच्या पहिल्या वर्षी रंकाळ्याच्या पायरीवरून श्यामला घसरली होती. भिजल्या लुगड्यानिशी उभी राहून ती किती तरी वेळ हसत होती. ते हसू जिभेवर कसे लागते, हे मला कुठल्याही शास्त्राच्या भाषेत सांगता येणार नाही.

पण ते लागले.

या वेळी मी थुंकलो नाही.

त्या संध्याकाळी श्यामला माझ्यासमोर जेवायला बसली होती. पाठ ताठ, ताट जवळजवळ स्वच्छ. माईने मला आमटी वाढली. मी भात कालवून पहिला घास घेतला.

"माई, मीठ घालायला विसरलीस का?"

माईचा हात वाढता वाढता थांबला. मी मिठाकडे हात नेला.

"घालून काही होत नाही," श्यामला मान वर न करता म्हणाली.