वसंतपंचमीपर्यंतची बोरं

बोरन्हाणाची पहिली ओंजळ डोक्यावर रिती झाली मात्र, आणि साडेतीन वर्षांच्या गुरुदत्तानं असा काही टाहो फोडला, की ओवाळायला उभ्या राहिलेल्या सुवासिनींच्या हातातलं तबकच हललं!

"बोरं पडली! सरस्वती रागावणार! मला आता काही काही येणार नाही!"

पाटाभोवती जमलेल्या बंगाली शेजाऱ्यांच्या पोरांनी उसाचे करवे उचलले होते, चुरमुरे उचलले होते, हलव्याचे दाणे गालात धरले होते. पण बोरांपासून मात्र सगळी चार पावलं मागे सरली होती.

"काकीमा, पूजोर आगे कूल खेते नेई!" त्यांच्यातली थोरली लीना कमरेवर हात ठेवून शकुनला म्हणाली. सरस्वतीपूजेआधी बोर तोंडात घालायचं नाही. घातलं की विद्या गेली, परीक्षा बुडाली! खिदिरपूरच्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट शकुनला तेवढी ठाऊक नव्हती.

तिनं हात पसरले. "ये रे राजा, माझ्याकडे ये..."

पण डोक्यावरचा हलव्याचा मुकुट भिरकावून देऊन गुरुदत्त त्या पसरलेल्या हातांच्या बाजूनं धावत गेला आणि सरलाच्या कमरेला मिठी मारून रडू लागला, "मा! फोटोतल्या आईनं मला बोरं मारली!"

बायका हसल्या. शकुनही हसली... आणि तशीच स्वयंपाकघरात निघून गेली.

केवढ्या हौसेनं तिनं तो मुकुट केला होता! बराकपूरच्या क्वार्टरमध्ये शेगडीशी बसून, पाकाचे चटके सोसत, एकेका दाण्यावर काटा फुलवला होता. एकाहत्तरच्या लढाईत कॅप्टन मुकुंदाचा पाय सुरुंगावर पडला, तेव्हा दीड वर्षाच्या गुरुदत्ताला थोरल्या जावेच्या, सरलाच्या ओटीत घालून ती पुण्याच्या लष्करी इस्पितळात गेली होती. जखम चिघळत राहिली, शस्त्रक्रिया होत राहिल्या, आणि दोन वर्षं तिला लेकराचं तोंड दिसलं नाही! आता मुकुंद लाकडी पायावर चालत होता, बराकपूरला त्याला कचेरीतलं काम मिळालं होतं, आणि संक्रांत झाली की सरलाच्या या घरातून गुरुदत्ताला तिकडे घेऊन जायचं ठरलं होतं. त्याची छोटी पेटी कोपऱ्यात भरून तयार होती.

सरला मागोमाग आत आली.

"वहिनी, ती पेटी उघडा," शकुन भिंतीकडे बघत म्हणाली. "कपडे परत कपाटात लावा. मुळं धरलेलं रोप उपटून न्यायला मी आलेली नाही. तो तुमचाच आहे."

"गप्प बस!" सरलाचा आवाज चिरकला. "दोन वर्षं रोज सकाळी त्याला तुझ्या फोटोपुढे उभं करून 'आईला नमस्कार कर' म्हणत आले, ते हे ऐकायला? माझी कूस रिकामी, शकुन... पण उसनं सुख उसनंच असतं, हे मी एक दिवस विसरले नाही!"

"म्हणून तुम्ही म्हणाला होतात, बोरन्हाण रथसप्तमीला करू..."

"तोवर सरस्वतीपूजा होऊन जाते, म्हणून! तू म्हणालीस, 'नाही, संक्रांतीलाच.' मी पुढे बोलले नाही. तुला वाटलं असतं, ही पोराला आणखी चार दिवस अडकवून ठेवतेय."

शकुननं मान खाली घातली. तिला तसंच वाटलं होतं... अगदी तसंच! तिनं वाकून जावेचे पाय धरले, सरलानं तिला उठवून उराशी घेतलं, आणि दोघींच्या आसवांना खळ राहिला नाही.

"रडा, रडा," दारातून काठी वाजवत मुकुंद म्हणाला. "बाहेर पोरं बोरांवर पाय पडू नये म्हणून चवड्यांवर चालताहेत. मला अनुभव आहे, म्हणून सांगतो, सुरुंग आधी उचला!"

रडता रडता दोघींना हसू फुटलं.

शकुन पदर खोचून बाहेर आली आणि सरलानं कडेवर घेतलेल्या गुरुदत्तापासून थोडी दूर, जमिनीवरच बसली. "चुकलं रे माझं. मी फोटोत होते ना... तिथं मला हे कुणी सांगितलंच नाही."

हुंदका अर्धाच राहिला. "फोटोत ऐकू येत नाही?"

"नाही रे. नुसतं बघत बसायचं. आता तू सांग, काय करू?"

"सगळी उचल. एकपण खायचं नाही!"

"आणि खाल्लं तर?"

"तू नापास!"

मग कॅप्टनसाहेबांची बायको पोरांच्या हुकुमानं खोलीभर रांगली. "काकीमा, ओखाने!" "तिथं, कपाटाखाली!" पलंगाखाली खोल गेलेलं एक बोर काही तिच्या हाताला येईना. तेव्हा गुरुदत्त सरलाच्या कडेवरून घसरत उतरला, पोटावर सरपटत शकुनच्या शेजारी शिरला, आणि धुळीनं माखलेलं ते बोर त्यानं तिच्या तळहातावर ठेवलं.

बोरं बरणीत गेली. सरलानं बरणीला दादरा बांधला, आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "ही जाणार बराकपूरला. तुझी ही आई खादाड आहे हो! पहाऱ्याला कोण जाणार?"

"मी!"

ते एवढंसं "मी" ऐकून सरलानं ओठ दाताखाली धरला... आणि स्वतःच जाऊन कोपऱ्यातली पेटी उचलून आणली.

"मा, तू पण चल."

"मी पूजेला येते, सोन्या. मोजून घेईन हं!"

सियालदहहून सुटलेल्या गाडीत तो बरणीला दोन्ही हातांनी कवटाळून बसला होता. आणि बराकपूर येईतो बरणीसकट शकुनच्या मांडीवर झोपून गेला.

वसंतपंचमीला सरला खरंच आली. देवीपुढे पाटीवर गुरुदत्तानं पहिलं अक्षर गिरवलं, फुलं वाहिली आणि मग बरणी उघडली. बोरं सुरकुतली होती, काही काळवंडली होती. त्यानं दोन निवडून घेतली. पहिलं नेऊन सरलाच्या तोंडात घातलं. "मा, हे तुला."

शकुन बघत होती. नुसतं बघायची तिला सवयच होती...

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "आई, हे तुला."

फोटोतली नव्हे... नुसतं आई! सरलाच्या ते आधी ध्यानात आलं. तिनं जावेचा हात घट्ट धरला.

पुढे मुकुंदाच्या बदल्या झाल्या, किती गावं झाली, पण शकुनच्या घरात वसंतपंचमीआधी बोर कधी शिरलं नाही. आणि दर वर्षी पहिलं बोर तोंडात घालताना तिला तेच बोर आठवे... मऊ पडलेलं, आंबूस, एका बाजूनं किडकं.

"गोड आहे?" गुरुदत्तानं काळजीनं विचारलं होतं.

"इतकं गोड," ती डोळे पुसत म्हणाली होती, "की आणखी एक दे!"