नववी न्यायाधीश

शेअर रिक्षात माझ्या शेजारी बसलेला मुलगा पुटपुटत होता, "पाच जण... फक्त पाच जण फिरवले की काम झालं."

मी बॅग छातीशी घट्ट धरली. सावळा, कुरळ्या केसांचा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या... गुंड वाटत नव्हता. पण गुंड कुठे गुंडासारखे दिसतात?

"कोण पाच जण?" मी न राहवून विचारलं.

तो दचकला. "अं? न्यायाधीश. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात नऊ असतात ना. पाच आपल्या बाजूने आले की केस जिंकली."

"तुमची अमेरिकेत केस चाललीये?"

"नाही हो," तो खळखळून हसला, "ठाण्यातच. लॉ कॉलेजात, शनिवारी."

तेच माझंही कॉलेज. मी सकाळच्या बॅचला, तो संध्याकाळच्या, म्हणून कधी दिसला नव्हता. नाव सहदेव नाखवा, राहणार चेंदणी कोळीवाडा. त्या दिवशी केदार सरांनी दोन्ही बॅचना एकत्र बोलावलं होतं. मूट कोर्टच्या, म्हणजे खोट्या खटल्याच्या, स्पर्धेसाठी सरांनी वर्गाचं चक्क अमेरिकन सुप्रीम कोर्ट केलं होतं. न्यायाधीशांसाठी चिठ्ठ्या टाकल्या, आणि मी, टिटवाळ्याची मनाली, नववी न्यायाधीश झाले. सहदेव वकील, हे आधीच ठरलेलं.

खटला असा : पोलिसांनी वॉरंट न काढता एका माणसाच्या परसावर ड्रोन उडवला आणि जे दिसलं त्यावरून त्याला पकडलं. खालच्या कोर्टाने पोलिसांना बरोबर ठरवलं. सहदेव त्या माणसाच्या बाजूने लढणार होता. जिंकला तर दिल्लीच्या फेरीला जाणार होता.

"त्यांची राज्यघटना सांगते, अवाजवी झडती नको," सर म्हणाले. "पण ती लिहिली तेव्हा ड्रोन कुठे होते? काही न्यायाधीश शब्दांचा तेव्हाचाच अर्थ धरतात. काहींच्या मते काळाबरोबर अर्थही वाढतो. आणि काही... आधी मनात निकाल ठरवतात, मग कारणं शोधतात. तुम्ही त्यातले होऊ नका."

मी मान डोलावली. फार सोपं वाटलं होतं तेव्हा!

नंतर कॅन्टीनमध्ये सहदेव चहाचा ग्लास घेऊन समोर येऊन बसला. "नुसतं बघणं म्हणजे झडती नव्हे, असं पोलिसांचं म्हणणं. तुम्हाला काय वाटतं?"

"न्यायाधीशाशी केसबद्दल बोलायचं नसतं."

"बरं, केस सोडून विचारतो. नुसतं बघणं—"

"तुम्ही मघापासून बघताय माझ्याकडे. वॉरंट आहे?"

तो लाजला. कानापर्यंत! "अर्ज करायचाय," तो हळूच म्हणाला, "कुणाकडे करू?"

मी घाईघाईत चहा प्यायले आणि जीभ भाजून घेतली.

आठवडाभर डोक्याचा नुसता भुगा. घरी जुन्या खटल्यांचे निकाल वाचत बसायचे. वाचताना पोलिसांची बाजू पटायची. मग त्याचं ते 'कुणाकडे करू' आठवायचं, आणि ठरलेलं मत विरघळून जायचं. मला त्याचं म्हणणं पटत होतं... की तो?

शनिवारी तो उभा राहिला. "माझी आई दारात मासे सुकत घालते. येणारे-जाणारे बघतात, ती कुणाला अडवत नाही. पण कुंपणाला डोळा लावून कुणी टेहळायला लागला, तर तिचा आवाज पार खाडीपर्यंत जातो! बघणं आणि टेहळणं यात फरक आहे, युअर ऑनर. घटना लिहिणाऱ्यांनाही तो ठाऊक होता. ड्रोन नसले तरी कुंपणं होती."

सगळे हसले. मी हसले नाही. किती छान बोलला, असं वाटलं... आणि लगेच भीती वाटली. हेच दुसरं कुणी बोललं असतं, तर मला इतकंच छान वाटलं असतं?

मतं देताना चार एका बाजूला, चार दुसऱ्या. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे.

मी उठले. "सर, मी या खटल्यातून बाजूला होते."

"एवढ्या उशिरा? कारण?"

"तिथल्या न्यायाधीशांना... कारण सांगावंच लागतं असं नाही ना, सर?"

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे, मग सहदेवकडे पाहिलं. "नाही लागत," ते म्हणाले. "आठांची बरोबरी झाली. म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल कायम."

सहदेव हरला. माझ्यामुळे.

मी पळतच बाहेर पडले, ती थेट तलावपाळीला येऊन थांबले. मागून तो आलाच, धापा टाकत.

"विरोधात मत दिलं असतंस तरी चाललं असतं मला! पण उठून जायचं? एवढा वाईट बोललो मी?" रागाच्या भरात 'तुम्ही'चं 'तू' झालेलं त्याच्या लक्षातही आलं नाही.

"वाईट नाही रे... फार चांगलं बोललास."

"मग?"

"मग काय! कळेचना मला, केस पटली की तू पटलास!" माझा आवाज चिरकला. "अशा माणसाने निकाल द्यायचा नसतो. आता जा दिल्लीला— म्हणजे... नाही जाता येणार. सॉरी."

तो बघतच राहिला. राग कुठे गेला, त्यालाही समजलं नसावं. काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हां आये... हरलो गो. नाय, रडत नाय. वाईटच वाटत नाय, काय झालंय काय कळत नाय. एक मुलगी हाय इथं, तिलाच विचार." आणि त्याने फोन सरळ माझ्या हातात दिला.

"कोन गो तू?" पलीकडून खणखणीत आवाज.

"मी... मनाली."

"ता झाला नाव. माझ्या सहदेवची कोन तू?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

"ते अजून ठरायचंय, काकी," मी कशीबशी म्हणाले.

त्याने वाकून फोनपाशी तोंड आणलं, इतक्या जवळ, की त्याचा श्वास माझ्या गालाला लागला.

"ठरलंय गो, आये."