हिरव्या लोकरीची किल्ली

मला भुताखेतांच्या गोष्टी सांगायची हौस नाही. ज्यांना आहे त्यांनी खुशाल सांगाव्यात. मी फक्त माझ्यासमोर घडलं ते सांगतोय, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. नाही पटलं तर सोडून द्या. घरचेच विश्वास ठेवत नाहीत, तिथे तुमचं काय घेऊन बसू?

रात्र नव्हती. अमावास्या वगैरे काही नव्हती.

रविवार होता. दुपारचे सव्वातीन, लख्ख ऊन. जागा आमचीच, घरामागची पत्र्याची शेड.

आधी माणसं सांगतो. माझी मोठी बहीण, म्हणजे ताई. तिचा नवरा, म्हणजे दाजी. आणि मी. ताईचं घर पुढे, माझं मागे, मधे ही शेड. मला आणि दाजींना जुन्या गाड्यांचं वेड. वेड एकच, पण डोकी दोन, आणि दोन्ही तापट.

शेडमध्ये तीन गाड्या. काळी, पांढरी आणि एक निळी, जिला आम्ही खोकली म्हणायचो, कारण ती सकाळी खोकल्याशिवाय चालूच व्हायची नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. काळीचे ब्रेक नीट केले की पांढरीचा रेडिएटर फुटायचा. पांढरी रस्त्याला लागली की खोकलीचा क्लच बसायचा. एकदा ताईचे दात दुखत होते, आणि तीन गाड्यांची मालकीण शेजाऱ्याच्या स्कूटरवर बसून डॉक्टरकडे गेली. आल्यावर ती आम्हाला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण एखाद्या सकाळी तिन्ही चालू व्हायच्या. तिन्ही इंजिनं एका सुरात धडधडायची. तेव्हा दाजी माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. तेवढ्यासाठी बाकीचं सगळं सोसायचो.

जुन्या गाड्यांचे भाग मिळत नाहीत. म्हणून आम्ही एक चौथी गाडी घेतली, नुसती सुटे भाग काढायला. करडी.

ती एका बाईंकडून घेतली. साठीच्या होत्या. गाडी त्यांच्या अंगणात धूळ खात उभी होती. त्यांनी एकच किल्ली हातात दिली.

दुसरी कुठे आहे, असं मी विचारलं.

"दुसरीला मी हिरवी लोकर बांधली होती, ओळखू यावी म्हणून," त्या म्हणाल्या. "ती मी नदीत टाकली."

का टाकली म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, ठेवण्यासारखी असती तर टाकली असती का? आणि आत निघून गेल्या.

गाडी ओढून न्यायला क्रेनवाला आला होता. वाटेत त्याने सगळं सांगितलं. बाईंचा नवरा याच गाडीखाली गेला. खाली झोपून काम करत होता, गाडी गिअरमध्ये होती, आणि कुणीतरी ती चालू केली. त्याची किल्ली त्याच्याच खिशात होती. दुसरी, हिरव्या लोकरीची, बाईंच्या पर्समध्ये सापडली. त्या म्हणत होत्या, मी स्वयंपाकघरात होते, मी हात लावला नाही. पुरावा मिळाला नाही म्हणून सुटल्या. पण नवरा-बायकोचं दिवसरात्र वाजायचं, हे गल्लीला ठाऊक होतं.

"तिनेच केलं असणार," मी म्हणालो.

आणि तेवढ्यावर थांबलो नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. सुट्या भागांच्या दुकानात, चहाच्या टपरीवर, घरी जेवताना. नवऱ्याला मारणाऱ्या बाईची गाडी आणलीय म्हणून महिनाभर मिरवत होतो.

करडी आली आणि शेडमध्ये काहीतरी बदललं.

आमची मांजर रोज एका तरी गाडीच्या टपावर झोपायची. करडी आली त्या दिवसापासून मांजर शेडमध्ये आली नाही.

तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. मांजरच ती.

आम्ही करडीचे भाग काढायला लागलो. तिचा पंप खोकलीला लावला. तिचे आरसे पांढरीला. काळीचा किल्लीचा स्विच इतका झिजला होता की स्क्रूड्रायव्हर घालूनही गाडी चालू व्हायची. म्हणून करडीचा स्विच काढून काळीला बसवला, किल्लीसकट.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. जुन्या बॅटरीची वायर सारखी काढली-लावली की तिचं टोक तुटतं. म्हणून आम्ही वायर काढायचो नाही. त्याऐवजी दाजींचा एक नियम होता. गाडीखाली जो जाईल, किल्ली त्याच्या खिशात. दुसरा कुणी चालू करूच शकत नाही. पंधरा वर्षांत हा नियम मोडला नव्हता.

स्विच बसवताना मी म्हणालो, दाजी, या किल्लीला जोड आहे बरं का.

ते हसले. म्हणाले, नदीतून येऊन गाडी कोण चालू करणार?

मीही हसलो.

त्यानंतर आठवड्याने पहिल्यांदा ऐकलं. दाजींशी माझी जुंपली होती. नट खोलायचे पाने ते जागेवर ठेवत नाहीत, यावरून. ते तणतणत घरात गेले. मी एकटाच शेडमध्ये.

आणि मागून आवाज आला...

खट्ट.

किल्ली फिरवल्यावर होतो तसा. बारीक, कोरडा.

वळून बघितलं. आवाज करडीतून आला होता. तिचं इंजिन अर्धं काढलेलं, बॅटरी नाही. जवळ जाऊन खिडकीतून आत डोकावलो. स्विचच्या जागी गोल भोक आणि बाहेर आलेल्या दोन वायरी.

तिथे किल्ली फिरवायला काही नव्हतंच.

पत्रा तापून वाजला असेल, असं मनाला सांगितलं.

मग लक्षात यायला लागलं. एरवी सगळं शांत असायचं. आमचं भांडण झालं की मात्र पाच-दहा मिनिटांत... खट्ट. एकदा रंगावरून वाद झाला. खट्ट. एकदा दाजींनी माझ्या बुटाची चेष्टा केली. उजव्या बुटाचा तळ सुटला होता, मी तो तारेने बांधला होता. मी उलट बोललो. खट्ट. त्या दिवशी करडीची पुढची सीट मागे सरकलेली होती. कुणीतरी नीट पाय पसरून बसावं, तशी.

दाजींना सांगितलं. ते म्हणाले, तू जरा कमी बोलत जा, म्हणजे कानांना आराम पडेल.

आता तो रविवार.

सकाळी मी पांढरी बाहेर काढायला गेलो. बायकोला तिच्या आईकडे सोडायचं होतं. किल्ली फिरवली, काही नाही. बॉनेट उघडलं तर कार्बोरेटरच गायब. दाजींनी काढून काळीला लावला होता. न विचारता.

माझं डोकंच फिरलं. ताई कपडे वाळत घालत होती, तिच्यादेखत मी दाजींना आयुष्यात पहिल्यांदा "अरे" म्हणालो.

"अरे, एक दिवस त्या काळीखालीच मरशील तू."

मी म्हणालो हे. नाकारत नाही. ताईच्या हातातला कपडा तसाच राहिला. दाजींनी फक्त माझ्याकडे बघितलं आणि ते आत गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

दुपारी तीनला ते काळीखाली शिरले. इंजिनच्या चेंबरमधून तेल गळत होतं. पुढची बाजू जॅकवर, खाली लाकडी ठोकळे. हँडब्रेक सैल होता म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये, मागच्या चाकांमागे विटा. किल्ली त्यांनी माझ्यासमोर पँटच्या खिशात टाकली. माझ्याकडे न बघता.

मी बाहेर नळावर गेलो. हाताला ग्रीस होतं, रॉकेल आणि साबण लावून घासत होतो. शेडकडे पाठ. अंतर दहा पावलं. आतून दाजींच्या पान्याचा आवाज येत होता. टक, टक, टक.

मग तो आवाज थांबला.

आणि...

खट्ट.

या वेळी आवाज करडीतून नव्हता. काळीतून होता.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ती मी पोलिसांना सांगितली नाही, ताईलाही नाही. तो आवाज मी ओळखला. आणि आवाजानंतर वेळ होता. फार नाही, एक श्वास घेण्याइतका. मी "दाजी, बाहेर या" असं ओरडू शकलो असतो.

मी ओरडलो नाही.

मनात आलं, मरू दे, मी का आधी बोलू? रुसलो होतो. पन्नाशीचा घोडा, आणि लहान मुलासारखा रुसलो होतो.

मग सेल्फ-स्टार्टर फिरला. गाडीने पुढे उसळी मारली. ठोकळे उडाले, जॅक आडवा झाला.

दाजींची ती किंकाळी मी अजून ऐकतो.

धावत आत गेलो. काळीचं दार सताड उघडं होतं. सीटवर कुणी नव्हतं. स्विचमध्ये किल्ली नव्हती. इंजिन बंद होतं, आणि शेडमध्ये ओल्या गाळाचा वास येत होता.

शेजारी धावून आले. गाडी उचलली, दाजींना दवाखान्यात नेलं. जीव वाचला. कंबरेचं हाड मात्र गेलं. डॉक्टर म्हणाले, चालतील की नाही ते आत्ता सांगता येत नाही.

संध्याकाळी ताई बाहेर बाकावर बसली होती. नर्सने दाजींचं सामान तिच्याकडे दिलं होतं. घड्याळ, चष्मा आणि काळीची किल्ली. किल्ली तिने मुठीत घट्ट धरली होती. तिचे डोळे वाहत होते. मी रुमाल द्यायला खिशात हात घातला.

खिसा ओला होता.

रुमालाबरोबर काहीतरी बाहेर आलं आणि फरशीवर पडलं.

किल्ली. तिला हिरवी लोकर बांधलेली. लोकरीतून अजून पाणी ठिबकत होतं, खाचांत काळा गाळ होता.

ताईने ती उचलली. मुठीतली किल्ली काढून शेजारी धरली. दात एकसारखे.

ती किल्ली माझ्याकडे कशी आली मला माहीत नाही, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल. मी नळावर होतो. मी हात लावला नाही. बोलताना माझ्याच कानांना ते ओळखीचं वाटायला लागलं.

ताई एवढंच म्हणाली, "त्यांनी खालून बूट बघितला. तारेने बांधलेला."

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. पोलिसांना तिने काही सांगितलं नाही. भाऊ म्हणून नाही सांगितलं. म्हणजे मीच केलं, अशी तिची खात्री आहे.

तिसऱ्या दिवशी मी त्या बाईंकडे गेलो. भर सकाळी. त्यांनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मी काही बोलायच्या आत विचारलं...

"कुणाच्या खिशात सापडली?"

"माझ्या," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मी त्यांच्याबद्दल काय काय बोलत फिरलो, ते त्यांच्यापर्यंत पोचलं होतं, असं त्या शांतपणे म्हणाल्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, माफीचं राहू द्या, तुमचं कुणाला पटतंय का ते सांगा.

"कुणालाच नाही," मी म्हणालो.

"मग आता कळलं," त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

चारही गाड्या भंगारात दिल्या. काळी यंत्रात चेपताना मी स्वतः उभा राहून बघितली, स्विचसकट. ताईने हिरव्या लोकरीची किल्ली माझ्या उंबऱ्यावर फेकली होती. ती मी पुलावरून नदीत टाकली, आणि बुडेपर्यंत हललो नाही. दाजी आता काठी घेऊन चार पावलं टाकतात. खिडकीतून मी दिसलो की पडदा ओढतात. शेड रिकामी आहे. मांजर परत आली आहे.

मी कानाला खडा लावलाय. कुणाशी भांडायचं नाही. दूधवाल्याशी नाही, शेजाऱ्याशी नाही. राग आला की घराबाहेर पडून चक्कर मारतो.

पण माणूस आहे. काल बायकोशी वाजलं. कारण क्षुल्लक, रात्रभर दिवा चालू राहिला म्हणून. मी बोललो, ती बोलली, मी जरा जास्त बोललो. ती पाठ फिरवून भाजी चिरायला बसली.

तेव्हाच रिकाम्या शेडकडून...

खट्ट.

मी हळूच खिशात हात घातला. किल्ली नव्हती. खिसा रिकामा होता.

पण ओला होता.

या वेळी मी ओरडलो. बायको दचकली, सुरी हातातून पडली. काय झालं, असं तिने विचारलं. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, माझी चूक झाली, ऊठ, बाहेर चल. ती मला वेडा समजते. समजू दे.