ओळख पुसलेली चावी

चावी वहिनींच्या हातातून निसटली आणि गटाराच्या जाळीवर पडून दोन दांड्यांच्या मध्ये अडकली, एवढ्यावरून हे सगळं सुरू झालं. बोटभर आणखी सरकली असती तर गेलीच होती. वहिनींनी ती केसातल्या पिनेनं अलगद उचलली, हॉस्पिटलात ड्यूटीवर गेल्या आणि तिथून मला फोन केला.

"भाऊजी, गाडीची दुसरी चावी करून घेऊ या. एकीच्या जिवावर किती दिवस काढायचे?"

एकीच्या जिवावर का, ते आधी सांगायला हवं. गाडी माझ्या थोरल्या भावाची. दादाला गळ टाकून बसायचं वेड होतं. सुट्टी मिळाली की स्वारी गावाबाहेरच्या तलावावर. गेल्या वर्षी असाच गेला. संध्याकाळी होडी उलटी तरंगताना सापडली, दादा सापडला नाही. पाणबुडे उतरले, जाळी टाकली, काही हाती लागलं नाही. गाडी काठावर कुलूपबंद उभी होती. तिची एक चावी घरी होती. दुसरी दादाच्या पँटच्या खिशात, म्हणजे तलावाच्या तळाशी.

मी दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर प्लास्टर, मेण आणि परक्या माणसांचे जबडे. भुताखेतांच्या गोष्टी मला कधी पटल्या नाहीत, आणि आजही मी कुणाला पटवायला बसलेलो नाही. घडलं ते सांगतो, इतकंच.

रविवारी दुपारी चावीवाला आला. वहिनींच्या इमारतीच्या खाली, तळघरात पार्किंग आहे. भर दुपारीही तिथे ट्यूबलाइट लावावी लागते. चावीवाला गप्पिष्ट माणूस, पोट सुटलेला, खांद्याला यंत्राची बॅग. मी म्हटलं, "चावी घासायला एवढं सामान?"

"साहेब, नुसती घासून भागत नाही आता," तो म्हणाला. "ह्या गाडीत इमोबिलायझर आहे. चावीच्या डोक्यात तांदळाएवढी चिप असते. गाडी तिला विचारते, तू कोण? चिपनं बरोबर उत्तर दिलं तरच इंजिन चालतं. नाहीतर सेकंदभर घुरघुरून गप्प. बायकोसारखंच आहे. आवाज ओळखीचा वाटला तरच दार उघडते."

वहिनी हसल्या नाहीत. त्या मागच्या सीटवर बसून होत्या, पर्स मांडीवर घेऊन. वर थांबा म्हटलं तरी खाली आल्या होत्या.

चावीवाल्यानं आधी साध्या पत्र्याची चावी घासली. चिप नाही, काही नाही. दाते बरोबर बसतात का ते बघायला. घरची चावी माझ्या हातात होती आणि मी जिन्याजवळ, चांगला लांब उभा होतो. तो पुढच्या सीटवर बसला आणि त्यानं ती पत्र्याची चावी फिरवली.

इंजिन सुरू झालं.

सेकंदभर नाही. सुरू झालं आणि चालूच राहिलं, एका लयीत, शांत. चावीवाल्याचा हात चावीवर तसाच राहिला. त्यानं ते बंद केलं, पुन्हा फिरवलं. पुन्हा सुरू.

"असं व्हायला नको," तो म्हणाला. मग टॉर्च काढून स्टिअरिंगखाली वाकला. काही लोक जुन्या चावीतली चिप काढून तिथेच आत चिकटवून ठेवतात म्हणे, म्हणजे कुठल्याही चावीनं गाडी चालते. त्यानं झाकण उघडलं, तारा बाजूला करून पाहिलं. चिप नव्हती. त्यानं यंत्र जोडलं, पडद्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ह्या गाडीच्या ओळखीच्या दोन चाव्या आहेत. एक साहेबांच्या हातात. दुसरी..." त्यानं सीटखाली हात घालून चाचपलं. "दुसरी इथेच आहे कुठेतरी. अगदी जवळ. गाडी तिला वाचतेय. ताई, कुठे पडलीबिडली आहे का?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "ती यांच्या खिशात आहे."

चावीवाल्याला वाटलं, 'हे' म्हणजे मी. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. मग आम्ही दोघांनी गाडी उलटीपालटी केली. पायपुसणी उचलली, डिकी रिकामी केली, सीटच्या फटीत बोटं घातली. एक क्लिप निघाली, वाळलेलं पान निघालं, चावी नाही. मला मात्र शेवाळाचा वास आला. फार नाही, बादलीत दोन दिवस पाणी राहिलं की येतो तितपत. तळघरच ते, वास असायचाच, असं मी मनाशी म्हटलं.

चावीवाला बाहेर आला. सीट ओली लागल्यासारखा त्यानं हात मागे नेऊन आपली पँट चाचपली, मग हाताकडे पाहिलं. हात कोरडा होता.

"एक सांगतो," तो हळू आवाजात म्हणाला. "नवीन चावी ओळखीची करायची तर मी आधी सगळ्या जुन्या ओळखी पुसतो. मग समोर असतील त्या चाव्या नव्यानं भरतो. जी हजर नाही ती कायमची परकी. हरवलेली चावी कुणाच्या हाती लागली तरी मग गाडी चालायची नाही. तुमच्याच भल्याचं आहे."

"पुसू नका," वहिनी म्हणाल्या.

मी त्यांना बाजूला घेतलं. वहिनी रडणाऱ्या बाई नाहीत. वॉर्डात रोज मरण बघतात, आणि घरी येऊन पोळ्या लाटतात. त्या दिवशीही रडल्या नाहीत. खाली बघत बोलल्या, "भाऊजी, सकाळी मी गाडीत बसते ना, तर सीट मागे सरकलेली असते. त्यांच्या पायांच्या मापाची. मी रोज पुढे घेते. कधीकधी बॉनेट कोमट लागतं हाताला..."

"वहिनी, वॉचमन फिरवत असेल."

"चावी माझ्या उशाशी असते."

मी त्यांचा हात धरला आणि समजूत घातली. म्हटलं, असेल काही बिघाड, आणि बिघाड असेल तर तो काढलेला बरा. तुम्ही एकट्या येता-जाता. रस्त्यात काही झालं तर? त्या म्हणाल्या, "तुम्हाला योग्य वाटतं ना? मग करा."

यंत्रानं दोनतीनदा टुकटुक केलं आणि काम झालं. घरची चावी आणि नवी चावी, दोन्हींनी गाडी चालू झाली. पत्र्याची चावी फिरवली तर इंजिन सेकंदभर घुरघुरलं आणि मेलं. जसं व्हायला हवं तसंच. चावीवाल्यानं सुटकेचा श्वास टाकला, ती पत्र्याची चावी पकडीनं वाकवून खिशात टाकली आणि चहासुद्धा न घेता गेला.

आठवडा बरा गेला. सीट जागच्या जागी असते, असं वहिनींनी फोनवर सांगितलं. आवाज असा, जणू काही हरवलंय. मग एका संध्याकाळी, मी वर्कशॉपला कुलूप लावत असताना, त्यांचा फोन आला. "भाऊजी, येता का? गाडी ओरडतेय."

मी पोहोचलो तेव्हा अंधार पडत होता. वहिनी वर स्वयंपाकघरात होत्या. मी दोन्ही चाव्या घेतल्या आणि तळघरात उतरलो. जिन्यातच ऐकू आलं. घुर्र... आणि गप्प. थोड्या वेळानं पुन्हा घुर्र... आणि गप्प. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची गाडी असेल. कोपऱ्यावर वळलो.

दादाचीच गाडी. दारं बंद, आत कुणी नाही. इंजिन उठत होतं आणि मरत होतं. काचेच्या आत चावीच्या चित्राचा छोटा लाल दिवा भराभर लुकलुकत होता. दोन्ही चाव्या माझ्या मुठीत होत्या, इतक्या घट्ट की तळव्यावर दाते उमटले.

मी चावीवाल्याला फोन लावला. म्हटलं, "तारांमध्ये काही गडबड केलीत का तुम्ही? गाडी आपोआप सुरू होतेय आणि बंद पडतेय."

"लाल दिवा लुकलुकतोय?"

"हो. भराभर."

मागे त्याच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

"मग तारा नाहीत, साहेब," तो म्हणाला. "कुणीतरी जुनी चावी लावतंय. फिरवतंय, पण गाडी ओळखत नाही."

"आत कुणी नाहीये..."

"साहेब, मला परत बोलावू नका," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मी तिथेच उभा राहिलो. भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त वाटलं ते वाईट. ते चावी फिरवणं मला ओळखीचं होतं. दादा गाडी सुरू होत नसली की असंच करायचा. न चिडता, थोडं थांबून, परत एकदा. शेवटी आवाज थांबला. लाल दिवा विझला. मग गाडीचं दार उघडून मिटल्याचा आवाज आला, हलकाच. दादा दार कधी आपटायचा नाही. ट्यूबलाइट सुरू होती, मी डोळे ताणून बघत होतो, आणि दार हललं नव्हतं.

मी वर आलो, घरात शिरून लॅच लावलं. वहिनी ओट्याशी मटार सोलत होत्या. मी जे पाहिलं ते सांगितलं, जमेल तितक्या साध्या शब्दांत. त्यांचे हात थांबले नाहीत.

"बिचारे," त्या म्हणाल्या. "आजवर गाडीतच बसून राहायचे. वर कधी आले नाहीत."

"वहिनी, चला, आज आमच्याकडे राहा."

"नको. आता जायला जागा उरली नाही त्यांना." त्यांनी एक शेंग सोलली. "त्यांच्या जुडग्यात घराचीही चावी आहे, भाऊजी. आणि आपलं कुलूप साधं आहे. ते काही विचारत नाही, तू कोण म्हणून."

जिन्यात कुणाची चाहूल लागली नाही. लिफ्टही वाजली नाही. फक्त दाराचं लॅच अगदी सावकाश फिरलं, आतला खटका मागे सरकला आणि दार हातभर उघडलं. बाहेर मोकळा जिना, शेजारच्या दारावरचा दिवा, आणि शेवाळाचा वास. ह्या वेळी भरपूर.

वहिनींनी मान वर केली नाही. मटाराची वाटी बाजूला सरकवली आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या,

"अहो, पाय पुसून या."

उंबऱ्याशी पायपुसणं होतं. मी त्याच्याकडे बघत होतो. ते कोरडंच होतं. फक्त कुणी वर उभं राहून पाय घासावेत तसं, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, ते थोडं थोडं आत सरकत होतं.