जोडवास

शलाका केसांना तेल लावायला मागच्या पायरीवर बसली की पिवळोबा यायचा. आधी पंखांची घरघर ऐकू यायची, जुनी मोटार घाट चढत असल्यासारखी. मग फणसाची फांदी वाकायची आणि तो गिधाडाएवढा महाधनेश उड्या मारत तिच्या पाठीशी येऊन उभा राहायचा. आपली थोरली पिवळी चोच तो तिच्या तेलकट केसांत घासायचा, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. नंतर मान वळवून तीच चोच शेपटीच्या बुडाशी न्यायचा आणि सगळ्या पंखांवरून फिरवायचा.

तिचा नवरा हेरंब स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे रोज बघायचा. सुट्टीसाठी चिपळूणहून आलेली त्याची थोरली बहीण सुलभाताई त्या सकाळी पोहे परतत होती.

"तुझ्यापेक्षा तो बरा रे," ती म्हणाली. "येताना उंबरं तरी घेऊन येतो. तू काय आणलंस लग्नानंतर?"

"हे यंत्र आणलं."

"ते तू तुझ्यासाठी आणलंस."

यंत्राचं नाव गंधदर्शक. दिसायला सायकलच्या पंपासारखं. त्याची नळी एखाद्या गोष्टीकडे धरली की ते आजूबाजूची हवा ओढून घेई आणि त्या हवेतल्या वासांचे रंगीत पट्टे पडद्यावर दाखवी. पक्ष्यांना वास येत नाही, असं लोक फार काळ समजत. त्यांच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची एक गाठ असते. ते तेल पिसं मऊ ठेवतं, पावसात भिजू देत नाही, एवढंच तिचं काम मानलं जाई. महाधनेशाचा पिवळा रंगसुद्धा त्याच तेलाचा. तो हळद लावावी तसं ते चोचीने अंगभर माखतो. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या हेरंबने दाखवून दिलं, की प्रत्येक पक्ष्याच्या तेलाचा वास निराळा असतो. कारण त्या गाठीत राहणारे सूक्ष्म जीव निराळे असतात. तो वास म्हणजे पक्ष्याची ओळख. नर आणि मादी एकमेकांची पिसं साफ करता करता आपापली तेलं मिसळतात आणि काही आठवड्यांत दोघांच्या अंगी तिसराच एक वास तयार होतो. हेरंबने त्याला नाव दिलं होतं, जोडवास.

पिवळोबाला शलाकाने हाताने वाढवलं होतं. वादळात ढोलीचं झाड पडलं तेव्हा तो पिसंही न फुटलेला गोळा होता. मोठा झाल्यावर तिने त्याला संगमेश्वराकडच्या या देवराईत सोडलं. यंदा त्याने रानातली एक मादी जोडीला धरली होती. ती मादी आता बेहड्याच्या झाडातल्या ढोलीत होती. या पक्ष्यांची रीतच अशी, की अंडी घालायला मादी ढोलीत शिरते आणि चिखल व विष्ठा यांनी तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेते. फक्त चोच जाईल एवढी फट राहते. त्या फटीतून नर भरवील ते खायचं, पिल्लांनाही तेच द्यायचं. नराने भरवलं नाही, किंवा तिने घेतलं नाही, तर आतली सगळी मरतात.

एका सकाळी शलाका केस सोडून चहाला बसली असताना हेरंबने सहज नळी तिच्याकडे धरली. तिचा पट्टा हिरवा होता, घरच्या खोबरेलातल्या वाळ्याचा आणि नागरमोथ्याचा. पिवळोबाचा तांबूस होता. आणि त्या दोहोंच्या मध्ये, ठळक, एक जांभळा पट्टा होता. जोडवास. हेरंबने स्वतःचा पट्टा शोधला. लग्नाला सात वर्षं झाली होती. तो कुठेच दिसला नाही.

"काय दिसतंय?" शलाकाने विचारलं.

"काही नाही. तेलाचा वास."

"मला वाटलं, माझं वजन सांगतंय."

ती हसली. त्याला हसू आलं नाही. एका पक्ष्याचा हेवा वाटावा याची त्याला लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून हेवा गेला नाही. दिवसभर तो जांभळा पट्टा त्याच्या डोळ्यांपुढे राहिला.

घाबरलेल्या धनेशाच्या तेलाचा वास पालटतो. हेरंबने तो भयवास प्रयोगशाळेत बनवला होता, विजेच्या तारांपासून पक्षी लांब राहावेत म्हणून. माणसाला तो येत नाही, असं त्यानेच अहवालात लिहिलं होतं. त्यातले थोडे थेंब त्याने शलाकाच्या तेलाच्या बाटलीत टाकले. कुणाला इजा होणार नव्हती. पक्षी फक्त यायचा थांबेल, असा त्याचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी पिवळोबा आला, केसांत चोच घातली आणि चटका बसावा तसा मागे सरला. फणसावर बसून त्याने बराच वेळ पंख साफ केले आणि उडून गेला. नंतर तो आलाच नाही.

शलाका रोज पायरीवर वाट बघायची. "त्याला आता त्याचं घर आहे," ती म्हणाली. "बायको मिळाली, आई विसरला." बोलताना तिचा आवाज कडू झाला होता. तिला झोपही लागेना. उकडतंय म्हणून ती बाहेर ओटीवर अंथरूण टाकू लागली.

मग एके दिवशी ती देवराईतून धावत आली. "ती घेत नाहीये. तो उंबर देतो आणि ती फटीतून बाहेर ढकलते. खाली फळांचा खच पडलाय. पिल्लांचा आवाजही बारीक झालाय. यंत्र घेऊन चल."

बेहड्याखाली उभं राहून हेरंबने नळी वर धरली. पट्टा काळा होता, भयवासाचा. काय झालं ते त्याच्या लगेच लक्षात आलं. पिवळोबाने त्या दिवशी केसांतला वास चोचीवर घेतला, चोच तेलाच्या गाठीला लावली आणि सगळं अंग माखलं. आता तो जे भरवत होता त्याला धोक्याचा वास होता. कोंडलेल्या मादीला बाहेर काय आहे ते दिसत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं, की तिच्या फटीशी भीती येऊन उभी राहते.

"कशाचा आहे हा?" शलाकाने विचारलं.

गप्प राहिलं तर तो वास आपोआप उतरेपर्यंत ढोलीत कुणी जिवंत राहणार नव्हतं. त्याने सांगितलं. बाटली, थेंब, जांभळा पट्टा, सगळं.

शलाकाने वर ढोलीकडे पाहिलं.

"तिला माझा वास चालत होता," ती म्हणाली. "ती रानातली, मला ओळखतही नाही. त्याच्या अंगावर मी आहे हे तिला पहिल्यापासून माहीत होतं आणि तरी ती त्याच्या हातचं खात होती. तुला चालला नाही."

"पिवळोबाच्या अंगावरचा वास धुऊन निघणार नाही," हेरंब खाली बघत म्हणाला. "त्याच्यावर ओळखीच्या तेलाचा थर बसला पाहिजे. पुष्कळ. तुझ्या तेलाचा."

"म्हणजे मी पुन्हा बसायचं, आणि तू बघायचं."

"हो."

तिने रिठ्याने केस धुतले. सुलभाताईने नवं तेल उकळलं आणि भावाशी एक शब्दही न बोलता तिच्या डोक्यावर ओतलं. शलाका बेहड्याखाली केस मोकळे सोडून बसली. पिवळोबा वरच्या फांदीवर आला, मान तिरकी करून बघत राहिला, पुन्हा उडाला, पुन्हा आला. तिने हाक मारली नाही. ती फक्त मान खाली घालून बसून राहिली, पिल्लू असताना त्याला भरवायला बसायची तशी. शेवटी तो उतरला. केसांपासून हातभर लांब थांबला. मग त्याने चोच घातली आणि घासत राहिला, कितीतरी वेळ. मान वळवून गाठीशी, पंखांवर, पुन्हा केसांत. हेरंबने एकदाही नजर फिरवली नाही.

पक्षी ढोलीशी गेला. उंबर फटीपाशी धरलं. आतून चोचीचं टोक दिसलं, थांबलं, मागे गेलं. पिवळोबा तसाच लटकून राहिला. मग ते टोक पुन्हा आलं आणि फळ आत गेलं. आणखी एक गेलं. आतून पिल्लांची किरकिर ऐकू आली.

शलाकाने डोळे पुसले. हेरंबने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती बाजूला सरली. तिने ठरवून केलं असं वाटलं नाही. पक्षी त्या दिवशी सरला होता तशी ती सरली, आणि आपण सरलो हे तिलाच उशिरा कळलं.

ती बाहेर ओटीवर झोपायला लागली ते उकाड्यामुळे नव्हे, भयवासामुळे, हे त्याला आता कळलं. माणसाला तो वास येत नाही, हे त्याने कशावरून लिहिलं होतं? कुणाला विचारलं होतं? पण केस तर आज धुतले होते. मग आता ती कशापासून सरली, तिच्या अंगावर उरलेल्या वासापासून, जो चार दिवसांत जाईल, की त्याच्यापासूनच?

गंधदर्शक त्याच्या हातात होता. नळी तिच्याकडे वळवली की उत्तर पडद्यावर दिसलं असतं.

"लाव की ती नळी," शलाका म्हणाली. "लावतोस?"