नळाखालचा नेचा

"अहो, थांबा! काय करताय?"

मी दचकलेच. माझ्या हातात जुना टूथब्रश, बाजूला साबणाच्या पाण्याचा मग, आणि बोळाच्या तोंडाशी पाठीवर सॅक लावलेला एक अनोळखी मुलगा – असा घाबरलेला, जसं काही मी कुणाचा गळा दाबतेय.

मोहन्यातल्या आमच्या चाळीत गळक्या नळाखाली, दगडांच्या फटीत, एक नेचा आपोआप उगवला होता. त्याच्या पानांमागे तपकिरी ठिपके दिसत होते, अगदी ओळीने.

"कीड लागलीय. घासून काढतेय," मी म्हटलं.

"कीड नाही ती! बीजाणू आहेत. ह्याची अख्खी पुढची पिढी घासून टाकलीत तुम्ही."

"मग तशी पाटी लावायची ना!"

तो हसला... आणि माझा पुढचा टोमणा कुठे गेला कोण जाणे.

त्याचं नाव रत्नदीप. ठाण्याला एमएस्सी करत होता, नेच्यांवरच प्रोजेक्ट. मग दर गुरुवारी यायला लागला. उकिडवा बसून तो भिंगातून नेचा बघायचा, आणि मी त्याला. एकदा त्याने भिंग माझ्या हातात दिलं. ओल्या दगडावर नखाहून लहान, हिरवं, बदामाच्या आकाराचं काहीतरी होतं.

"बीजाणूतून आधी हे उगवतं. नर-मादी दोघंही ह्याच्यावरच. पण भेटायला पाण्याचा थेंब लागतो. तो नसला तर... इतके जवळ असून भेट होत नाही."

हे सांगताना त्याचे कान का लाल झाले? नेच्यामुळे, की – ? मला काही कळेना. सायन्स मी दहावीनंतरच सोडलेलं.

मार्चमध्ये आईने नळ दुरुस्त करून घेतला, आणि बघता बघता पानं करपली. माझा जीव खालीवर. नेचाच गेला तर हा कशाला येईल? मी सकाळ-संध्याकाळ मगभर पाणी ओतत सुटले.

"उत्तरा, एवढं पाणी नको गं," गुरुवारी तो म्हणाला. "खोड कुजेल. मेला नाहीये तो. उन्हाळ्यात पानं टाकून जमिनीखाली तग धरतो. पावसात परत फुटेल."

"मग तोपर्यंत बघण्यासारखं काय उरलं?"

"तसं... काहीच नाही."

"म्हणजे येणार नाहीस?"

"असं कुठे म्हटलं? तू नको म्हणालीस तर..."

"मी कशाला नको म्हणू?"

"म्हणजे येऊ?"

"मला काय विचारतोस!" मी वैतागले. रडूही येत होतं. "रविवारी पाहुणे येतायत. मला बघायला."

त्याने सॅकची चेन उघडली, लावली, परत उघडली.

"मग मी... शनिवारी येऊ? आईला घेऊन?"

"वाळका नेचा दाखवायला?"

"नेचा नाही गं..."

मी आत वळून ओरडले, "आई, रविवारच्या पाहुण्यांना नाही म्हणून कळव!"

"का गं? काय झालं?" आई हात पुसत दारात आली.

"तूच सांग," मी रत्नदीपला म्हटलं.

"काकू, मला उत्तरा खूप आवडते," तो एका दमात बोलून गेला.

आई माझ्याकडे बघत राहिली, आणि मी त्याच्याकडे. वेडाच आहे हा! हे आधी मला नको का सांगायला?